प्रामाणिक फुटबॉल

४ जुलै
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि मुलींच्या फुटबॉल टीमची जबाबदारी माझ्यावर टाकली. मी तत्त्वज्ञान शिकवते याची आठवण करून दिली. ते म्हणाले, लक्षात आहे, बाकी सगळ्यांना कामं असतात. गेल्या वर्षी टीम सगळे सामने हरली. या सीझनमध्ये एक तरी जिंका, नाहीतर टीम बंद आणि मैदान पार्किंगला. मी म्हटलं, एकच कशाला सर. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. माझ्या आत्मविश्वासाने भारावले असावेत.
घरी सांगितलं. आई म्हणाली, एवढं शिकलीस आणि शेवटी चेंडूच का. बाबा मात्र गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतायत की आमची पोरगी प्रोफेसर आहे, वर कोचपण आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मी नक्की काय करते हे तिथे कुणाला कळत नाही, त्यामुळे अभिमानाला मर्यादा नाही. धाकट्या भावाने विचारलं, ताई, ऑफसाइड म्हणजे काय? म्हटलं, उद्या सांगते.

५ जुलै
लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणलं. सोपं आहे. ऑफसाइड उद्या वाचेन.

११ जुलै
पहिली प्रॅक्टिस. खेळ आणि सत्य यांच्या नात्यावर थोडं बोलले. मुली तल्लीन होऊन ऐकत होत्या. दोघी तर डोळे मिटून. शेवटी कॅप्टनने विचारलं, मॅडम, शिट्टी आणलीय का? नव्हती आणली.
कॅप्टन तिसऱ्या वर्षाला आहे, कमी बोलते. परत जाताना तिच्याशी गप्पा झाल्या. कॉलेजची टीम आहे म्हणून घरचे खेळू देतात, म्हणाली. टीम गेली की हिचा खेळ संपला, आणि बाकीच्या बहुतेकींचाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, मी आहे ना. ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. फार भावुक मुलगी.

२ ऑगस्ट
पहिला सामना. हरलो. गोल मोजण्यात अर्थ नाही, मोजायला एक हात पुरला एवढं पुरे. गोलकीपरला सगळ्या लाडाने 'भिंत' म्हणतात. आज कळलं की ते चिडवण्यासाठी आहे.
माझं निरीक्षण: मी बाहेरून सूचना देते, पण वाक्य पूर्ण होईपर्यंत चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. उपाय: मुलींनी खेळ जरा सावकाश करावा.

३ ऑगस्ट
निश्चय: सूचना छोट्या वाक्यांत देणे. रोज सकाळी पळणे.

४ ऑगस्ट
पळाले नाही. बूट चावतात.

२३ ऑगस्ट
नवा नियम काढला. समोरची खेळाडू पडली तर आपण थांबून तिला उठवायचं. टीमची ओळख झाली पाहिजे अशा गोष्टीने. कॅप्टन म्हणाली, मॅडम, त्यांना त्यांच्या मुली उठवतील. मी समजावलं. पटलं तिला. निदान मान तरी हलवली, कोणत्या दिशेने ते नीट दिसलं नाही.

६ सप्टेंबर
दुसरा सामना. आमच्या चौघी त्यांच्या एका मुलीला उठवत होत्या, तेवढ्यात त्यांच्या दुसऱ्या मुलीने गोल केला. मग ती पहिली पुन्हा पडली. आम्ही पुन्हा उठवली. पुन्हा गोल. सामना संपल्यावर त्यांचे कोच मुद्दाम येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले की अशी टीम पाहिली नव्हती, परत कधी खेळायचं? किती मोठं मन.
बसमध्ये सगळ्या खिडकीबाहेर बघत होत्या. विचारमंथन चालू असणार.

१४ सप्टेंबर
जेवताना धाकट्याला वाट्या मांडून ऑफसाइड समजावला. मीठ म्हणजे गोलकीपर. बाबा म्हणाले, मग तिने मागेच उभं राहावं की, पुढे कशाला मरायला जायचं. आईने आमटीसाठी डिफेन्समधली वाटी उचलली. विषय राहिला.

४ ऑक्टोबर
तिसरा सामनाही गेला. फक्त एका गोलाने. ही प्रगती माझ्या पद्धतीची आहे. (नंतर कळलं की मुलींनी उठवायचा नियम आपापसात रद्द केला होता आणि मला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही. तरी मूळ कल्पना माझीच.)
आता एकच सामना उरला. प्राचार्य कॉरिडॉरमध्ये भेटले. मैदानावर किती गाड्या मावतील याचा अंदाज घेऊन येत होते.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ
नीट लिहायचं ठरवलं आहे.
हिरव्या जर्सीवाल्यांशी शेवटचा सामना. मुली जीव तोडून खेळल्या. भिंत खरोखर भिंतीसारखी उभी राहिली. संपायला थोडा वेळ असताना कॅप्टनने उजवीकडून चेंडू उंच टाकला आणि चिमणी, म्हणजे आमची सगळ्यांत लहानखुरी फॉरवर्ड, उडी मारून त्याला आडवी गेली. चेंडू जाळीत. गोल. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. बाबा आणि धाकटा पहिल्यांदाच बघायला आले होते. बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारत होते.
पण मी पाहिलं होतं. दुसऱ्या टोकाहून, ऊन चष्म्यावर होतं, तरी स्पष्ट पाहिलं होतं. चेंडू चिमणीच्या हाताला लागला होता.
खेळ पुन्हा सुरू होण्याआधी रेफ्री निर्णय बदलू शकतो, हे पुस्तकात आहे. म्हणून मी धावले. सगळ्या सीझनमध्ये पहिल्यांदा धावले. रेफ्रीला सांगितलं, सर, मी या टीमची कोच आहे आणि हा गोल खरा नाही. ते म्हणाले की त्यांना तसं काही दिसलं नव्हतं, पण खुद्द कोचच सांगतेय म्हटल्यावर. गोल रद्द. उरलेल्या वेळात काहीच झालं नाही. बरोबरी. बरोबरी म्हणजे जिंकणं नाही.
तेव्हा मला वाटत होतं, वर्षानुवर्षं मुली हे आठवतील. चिमणी समोर आली. रडत नव्हती.
"मॅडम," ती म्हणाली, "छातीला लागला होता."
धाकट्याने फोनवर काढलेला व्हिडिओ बसस्टॉपवर दाखवला. हळू करून दाखवला. आणखी हळू करून दाखवला. दोन्ही हात पाठीमागे होते पोरीचे. बाबा म्हणाले, जाऊ दे, गाडीचा आवाज ऐकून मीही कधी कधी चुकीचा नट खोलतो. मग धाकट्याला फोन खिशात ठेवायला सांगितलं.

२७ ऑक्टोबर
प्राचार्यांना राजीनामा द्यायला गेले. ते म्हणाले, कशाचा? टीमच नाही आता.
निश्चय: यापुढे निश्चय करायचे नाहीत.

८ नोव्हेंबर
कॅप्टन स्टाफरूमच्या दाराशी आली. माझ्या नकळत ती धाकट्याकडून व्हिडिओ घेऊन प्राचार्यांकडे गेली होती, आणि तिथून हिरव्यांच्या कॉलेजातही. ते एक सामना पुन्हा खेळायला तयार झाले. जिंकलो तर टीम राहील, असं प्राचार्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय. मी तिथल्या तिथे नवा प्लॅन सांगायला लागले. ती खाली बघत ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली की मुलींची एक विनंती आहे.
"तुम्ही नक्की या, मॅडम. फक्त हिरव्यांच्या बाकावर बसा."
माझ्या निःपक्षपातीपणावर त्यांचा केवढा विश्वास आहे, असं मी इथे लिहिणार होते. दोनदा लिहून खोडलं.

१६ नोव्हेंबर
हिरव्यांच्या बाकावर बसले. त्यांच्या कोचने पाणी दिलं आणि शेजारी जागा करून दिली. आमच्या मुली आधी मागे पडल्या, मग बरोबरी, मग भिंतीने एक अशक्य चेंडू अडवला, आणि शेवटी चिमणीने डोक्याने गोल केला. यात कुठे काही चुकलं होतं का, मला सांगता येणार नाही. मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला होता.
जिंकलो. मैदान राहिलं. पलीकडे मुलींनी कॅप्टनला उचलून घेतलं. माझ्या आजूबाजूला सगळे मान खाली घालून बसले होते, म्हणून मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. आणि तसंही, शिट्टी वाजेपर्यंत मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. चुकून रेफ्रीला थांबवायला वर जातील अशी भीती वाटत होती. ते दोन्ही बधिर झाले होते.