हिरव्या चटईवरचा फोटो

७ नोव्हेंबर १९९७, शुक्रवार

सहाव्या होलवर दुपारपर्यंत अकरा वेळा झाडू फिरवला. खेळणाऱ्यांच्या बुटांचे ठसे पुसायचे – भोकापासून सुरू करून गोल गोल बाहेर. तेल मुरवलेली वाळू, हाताला, कपड्यांना चिकटते. दुसरीकडे भोकाभोवती गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. आमच्याकडे ब्राउन! आखातातल्या उम्म अल कुवैनच्या या अख्ख्या गोल्फ कोर्सवर गवताची काडी नाही. साहेब लोक बगलेत हिरवी प्लास्टिकची चटई घेऊन फिरतात. त्यावर चेंडू ठेवायचा, मारायचा, चटई उचलायची, पुढे!

आणि मी घरी काय सांगितलंय? हिरवंगार मैदान सांभाळतो.

८ नोव्हेंबर

काम संपल्यावर समुद्राकडे बघत बसलो. मोहिद्दीन – दापोलीचा, माझ्याबरोबरच झाडू मारतो – पोट धरून हसला. "अरे भिवा, तिकडं इराण हाय! कोकण तुझ्या पाठीमागं!"

पाच वर्षं रोज संध्याकाळी मी इराणकडे बघून बायकोची आठवण काढतोय. तोंड फिरवून पाहिलं, तर नुसती वाळू. आठवण काढायला समुद्रच बरा. छाया आता चूल पेटवत असेल.

१४ नोव्हेंबर

म्हातारा स्कॉटिश साहेब आज पुन्हा एकटाच खेळला. मग त्याच्या गावच्या कोर्सबद्दल सांगत बसला. समुद्राला लागून माळ, नऊच होल, मध्ये मेंढ्या चरतात, ऑगस्टमध्ये सगळा माळ फुलांनी जांभळा होतो. "नोबडी नोज इट, भिवा. बट यू मस्ट प्ले इट!" डोळे भरून आले त्याचे. कधी जाणार, विचारलं. "नेक्स्ट इयर." मोहिद्दीन हे नऊ वर्षं ऐकतोय.

१९ नोव्हेंबर

पुढच्या महिन्यात माझी सुट्टी ठरलेली, आणि आज मॅनेजरने बोलावलं. "भिवा, छुट्टी कॅन्सल करो. ग्रास आ रहा है! दो साल और रुको, हेड बना दूंगा. पंद्रह दिसंबर तक साइन चाहिए. यल्ला, जल्दी!"

खरं गवत! रात्रभर तेच डोक्यात. पहिल्या वर्षी चार चटया जोडून वर उकिडवा बसलो होतो, मोहिद्दीनने अगदी जवळून फोटो काढला. छायाने तो फ्रेम करून लावलाय. मागच्या सुट्टीत तिने विचारलं, "एवढ्या गवताला पाणी कोण घालतं?" मी म्हटलं, मशीन. तोंडावर खोटं बोललो! आता दोन वर्षं थांबलो की सगळं खरं होईल. पण दोन वर्षं! अडीच वर्षं झाली तिला बघून.

२० नोव्हेंबर

पत्र टाकलं. "जुनं गवत काढून नवीन लावणार आहेत, माझ्याशिवाय अडतं." असं खोटं लिहायला हात कसा धजतो माझा!

२८ नोव्हेंबर

वारा. सगळे ब्राउन रोलर फिरवून पुन्हा सपाट केले. पत्र नाही.

५ डिसेंबर

साहेबाला दोन वर्षांचं सांगितलं. हसला नाही. चटई झटकत म्हणाला, "आय ऑल्सो सेड टू इयर्स." मग चेंडू मारला, तो गेला समुद्रात. शोधायला गेलोच नाही.

९ डिसेंबर

पत्र नाही. रागावली असेल. रागवावंच. मला तिच्या हातची कुळथाची पिठी हवीय, आणि ती समोर बसलेली.

१३ डिसेंबर

आलं!

"गवत लावायला तुम्ही कशाला? मागच्या खेपेला तुमची बॅग मीच उपसली. तळाशी पसाभर वाळू. शर्ट तीनदा धुतले, तेलाचा वास जाईना. कुणाला बोलले नाही. तेव्हापासून गावात हिरवंगार, हिरवंगार मीच सांगत्ये. आता कंटाळले. या."

सही केली नाही. मोहिद्दीनला म्हटलं, कोकण नक्की कुठल्या बाजूला, परत एकदा दाखव.