पंखा बंद ठेवलेला तास

बाई, आज वर्गात तुमचा शेंगाचटणीचा प्रयोग करून पाहिला. चटणी मात्र बाजारातली होती.

गेल्या आठवड्यात चेतापेशी शिकवताना एका मुलीने विचारलं, "दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्याच नाहीत, तर निरोप पलीकडं जातो कसा मॅडम?" मी पडद्यावर चित्र दाखवलं, रसायनाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या मॅडम, पाठ करते." ते मला लागलं. विचारणारं मूल माझ्यामुळे विचारायचं थांबलं का, हे मनातून जाईना.

मग तुमचा तास आठवला. आम्ही हात धरून उभ्या आहोत. तुम्ही म्हणता, "ही अख्खी रांग म्हणजे एक पेशी. हात दाबला गेला की पुढचीचा दाबायचा, जागा सोडायची नाही. शेवटचीनंही पहिलीइतकाच जोर लावायचा, विजेचा निरोप वाटेत दमत नसतो." दाब सरसर शेवटपर्यंत जातो. पुढे हातभर फट, आणि पलीकडे दुसरी रांग, डोळे मिटून. आमची शेवटची मुलगी डब्याचं झाकण उघडते. चटणीचा वास फट ओलांडतो, पलीकडची पहिली तो ओळखते आणि शेजारणीचा हात दाबते. "डबा लाव लगेच," तुम्ही ओरडता. "वास रेंगाळला तर दुसरा निरोप कळायचा कसा?" तास संपल्यावर चटणी आमचीच.

आज झाकण उघडलं मात्र, आणि वर्गातल्या सगळ्याच रांगा एकदम हात दाबायला लागल्या. "आमाला बी आला की वास!" "मॅडम, भाकरी कुटं हाय?" मी गोंधळून उभी. वर पंखा गरगरत होता. तेवढ्यात त्याच मुलीने डोळे उघडले. "मॅडम, माझ्या काकाला फिट येती. तवा डोक्यात असंच होतं का, सगळ्या पेशी एकदम?"

"बरंचसं असंच."

"मग पंखा बंद करा की."

पंखा बंद केला. घामाच्या धारा लागल्या, पण निरोप एका रांगेतून दुसरीत नीट गेला. डबा लावताना ती म्हणाली, "आणि वास आला तर हात दाबायचाच न्हाई, असा पण निरोप असतोय का?" असतो, बाई. ते नीट सांगण्यासाठी मी उद्याचा तास तिच्या प्रश्नालाच दिला आणि घरापर्यंत हसत आले.

तुम्हीही भर उन्हाळ्यात त्या तासाला पंखा बंद करायच्या आणि आम्ही कुरकुरायचो. आज मी मुलांना ठणकावून सांगितलं, आमच्या बाईंना हे सगळं आधीच माहीत होतं. खरं तर तुम्ही तो वासासाठी बंद करत होता की खडूची पूड डोळ्यांत जाते म्हणून, हे मला माहीत नाही. हा कागद वहीतच राहील. तुमचा पत्ता असता, तरी हे विचारलं नसतं.