नळाजवळचा स्पीडब्रेकर

सोमवार, ३ तारीख

आज सोसायटीचा मॅनेजर म्हणून कामावर रुजू झालो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर अखेर स्वतःची केबिन! केबिन म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यातली काचेची खोली. दार बाहेर उघडतं, कारण आत उघडायला जागाच नाही. खुर्ची वळवायची तर आधी पोट आत घ्यावं लागतं. पण माझी आहे. चौसष्ट गाड्या, एक उतार, एक नळ. कमिटीने पहिलंच काम दिलंय ते माझ्या आवडीचं: स्पीडब्रेकर निवडायचे आणि बसवून घ्यायचे. टेप माझ्या खिशात कायम असतो. बायको म्हणते, हा माणूस उशीसुद्धा मोजून घेतो.

बुधवार, ५

सिमेंटचे नकोत, एकदा चुकले की फोडावे लागतात. रबरी ठरवले: पिवळे-काळे तुकडे, जमिनीत भोकं पाडून बोल्टने आवळायचे. उंची पाच सेंटिमीटर, कडेला पाणी वाहायला चार बोटं फट. मिस्त्री म्हणाले, एवढी चौकशी लोक जावई बघतानाही करत नाहीत.

गाड्या धुणाऱ्या मावशी भेटायला आल्या. उताराच्या पायथ्याशी नळ आहे, तिथे त्या बादली भरतात. कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून सतत मान वळवून उताराकडे बघत बसावं लागतं. तिथे एक हवाच, म्हणाल्या. मी लगेच नकाशावर खूण केली. फार बरं वाटलं.

शुक्रवार, ७

काल चारही स्पीडब्रेकर बसले. आज सकाळी माझीच गाडी उतरली आणि नळाजवळच्या स्पीडब्रेकरने तिचं पोट खरवडलं. नवी गाडी आहे, जरा बुटकी. तो आवाज माझ्या दाताला झोंबला. मिस्त्रींना सांगून तेवढा एक काढून घेतला आणि त्या जागी नुसते पिवळे-काळे पट्टे रंगवले. लांबून कोण ओळखणार?

मावशींनी विचारलंच. मी म्हणालो, हा नव्या पद्धतीचा, बसका असतो. त्यांनी मान डोलावली आणि बादली अशी ठेवली की बसल्यावर उताराकडे पाठ होईल. आता मान दुखायची नाही, म्हणाल्या.

मिस्त्री सगळं ऐकत होते.

गुरुवार, १३

पट्टे म्हणजे नुसता रंग, हे गाडीवाल्यांना चार दिवसांत कळलं होतं. आज सकाळी नऊ वाजता तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर गाडी घेऊन उतारावरून आले. मावशी पाठमोऱ्या बसल्या होत्या.

मावशी गेल्या.

पोलीस उद्या जागा मोजणार. दुपारीच काढलेला स्पीडब्रेकर पुन्हा तिथे आवळून घेतला. कमिटीला सांगितलं, पहिल्यापासून होता. मास्तर एकच म्हणतात, गाडीला धक्का बसलाच नाही. सगळे म्हणाले, मास्तरांचं वय झालंय. मीही मान हलवली.

शनिवार, १५

मावशींची मुलगी बादली न्यायला आली. रडत नव्हती. म्हणाली, "आई घरी सगळ्यांना सांगायची, साहेबांनी खास माझ्यासाठी बसवलाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तरांवर खटला होणार. बुधवारी माझा जबाब आहे.

गाडी गेली की दोन धक्के ऐकू येतात: पुढची चाकं, मागची चाकं. आज तीन ऐकले. तिसरा मऊ होता.

रविवार, १६

नळाजवळचा स्पीडब्रेकर बसवला तेव्हा केबिनच्या दारापासून अठरा मीटर होता. आज पंधरा. तीनदा मोजलं. बोल्ट घट्ट. जुन्या जागी भोकंसुद्धा नाहीत. वर साबणाचा फेस — आणि नळ गुरुवारपासून बंद आहे.

मिस्त्रींना बोलावलं. म्हणाले, जागचा हललेला नाही. टेप माझ्या हातात परत देत म्हणाले, साहेब, खरं सांगून मोकळे व्हा.

सोमवार, १७

नऊ मीटर.

गाडी नव्हती, तरी तीन धक्के.

मंगळवार, १८

चार मीटर. बायकोला सांगायचं ठरवून घरी गेलो. तिने विचारलं, काय झालं? म्हणालो, काही नाही. काही नाही! मास्तरांच्या दारावरून गेलो, तिथेही — घंटीपर्यंत हात गेला होता.

बुधवार, १९

नऊ वाजले. दहाला पोलीस येतील. मी आत आहे. तो दाराला टेकलाय. दार बाहेर उघडतं — उघडत नाही. खांदा लावून ढकललं. रबर असं दबत नाही. रबर कोमट नसतं.

फटीतून फेस आत येतोय.

लिहून टाकतो, हीच वही पोलिसांना देईन. त्या दिवशी तिथे नुसता रंग होता. मास्तर खरं बोलतात. माझ्या गाडीचं पोट खरवडलं म्हणून मी —

पहिला धक्का. काचेपाशी.

मावशी, मी सांगतोय ना, लिहितोय —

दुसरा. खुर्चीखाली.

आता