गायब झालेले चार इंटरप्ट

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. हौस म्हणून नाही. पुढेमागे चौकशी झालीच, तर हाताशी नोंद असावी.
हकीकत अशी: आमचं सॉफ्टवेअर म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटातला खोटा कॉम्प्युटर. बाहेर कीबोर्डचं बटण दाबलं की हार्डवेअर हाक मारतं. त्या हाकेला म्हणायचं इंटरप्ट. ती आतल्या कॉम्प्युटरला पोचवायची, हे काम माझ्या कोडचं. सहा वर्षं बिनतक्रार. आज नवी टेस्टर म्हणाली, हजार बटणं दाबली, आत नऊशे शहाण्णवच पोचली. चार कुठे गेली?
मला विचारते! येऊन दोन महिने झालेत. अजून प्रोबेशनवर आहे.

मंगळवार, ४ मार्च
स्वतः मोजलं. नऊशे शहाण्णव. परत मोजलं. नऊशे पंच्याण्णव. माझा कोड बरोबर आहे हे धरून चाललं (दुसरं काय धरणार?), तर मधल्यामध्ये कोणीतरी हात मारतंय.
टेस्टरने विचारलं, तुमचा कोड बघू का? नम्रपणे नाही म्हटलं. एवढी उत्सुकता कशासाठी?

बुधवार, ५ मार्च. सकाळी ११
ती साहेबांशी बोलत होती. मी जवळ गेलो तर विषय हवेवर आला. हवा तर कालच्यासारखीच आहे.
ठरलं. पहारा बसवायचा. इंटरप्ट आला की आधी डिस्कवर नोंद: किती वाजता आला, तेव्हा कोणता प्रोग्रॅम चालू होता. मगच आत सोडायचा. आठवड्यात चोर हातात.

गुरुवार, ६ मार्च
पहारा सुरू. आज साठ गायब. चोर बिथरला!

शुक्रवार, ७ मार्च
पहारा दुप्पट केला. तीनशे गायब.
टेस्टर म्हणाली, तुमचा पहारा नोंदी लिहीत बसतो, तेवढ्यात पुढचे इंटरप्ट येऊन जातात. विचारलं, पहाऱ्याचं तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाली, तुम्हीच, काल जेवताना, सगळ्यांना.
सांगितलं असेन. पण लक्षात ठेवायचं कारण काय?
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, ती बिचारी तिचं काम करतेय. बिचारी! दोघींची ओळख आहे का, असं विचारलं. ही शेजारी निघून गेली.

सोमवार, १० मार्च
साहेबांना मेल केली. विषय: घातपात. पाच पानं. नाव घेतलं नाही. फक्त ‘चष्मा लावणारी, दोन महिन्यांपूर्वी आलेली टेस्टर’ एवढंच लिहिलं.

मंगळवार, ११ मार्च
साहेबांनी तिच्याकडे खुलासा मागितलाय. पटला नाही तर नोकरी गेली. ती जेवायला आली नाही. डोळे लाल दिसले. अपराध्याचे होतातच.
डबा मलाही गेला नाही. अ‍ॅसिडिटी.

बुधवार, १२ मार्च. दुपारी ४
मीटिंग. खुलासा एका पानाचा. इंटरप्ट आला की माझा कोड ‘आला’ अशी खूण करतो, त्याला आत पोचवतो आणि मग खूण पुसतो. पोचवता पोचवता दुसरा आला, तर त्याचीही खूण त्याच फडक्याने पुसली जाते. म्हणून चार गायब. आधी खूण पुसा, मग पोचवा. दोन ओळी खालीवर करायच्या, बस.
साहेबांनी पहारा काढून तिथेच करून पाहिलं. हजारपैकी हजार. तीनदा.
मी म्हटलं, मलाही हाच संशय होता. साहेबांनी पुढचा विषय घेतला.
नंतर पहाऱ्याच्या नोंदी वाचल्या. प्रत्येक ओळीत एकच प्रोग्रॅम. माझा.

गुरुवार, १३ मार्च
तिची नोकरी पक्की झाली. इंटरप्टचं काम आता तिच्याकडे. मी मदतीला. तक्रार लेखी मागे घेतली.
धीर करून विचारलं, राग आला का? म्हणाली, आला होता, खूप. पण तुम्ही तक्रार केलीत म्हणून तर मला तुमचा कोड वाचायची परवानगी मिळाली.
यात तिचा डाव काय असेल, याचा संध्याकाळपर्यंत विचार केला. काही सापडलं नाही.
घरी हिने विचारलं, मिळाला का चोर? म्हटलं, मिळाला. कोण होता? म्हटलं, आपल्या ओळखीतलाच निघाला.
ही म्हणाली, मला वाटलंच होतं.