कडू निघालेली कासुंदी

गोपेन,

आशीर्वाद नंतर देते, आधी बोलणी खा. आईच्या हातची म्हणून तू पाठवलेली मोहरीची कासुंदी कडूजहर निघाली! इलिश माशाला लावली तर हे म्हणाले, "सासूबाईंनी जावयाला काढा पाठवलाय की काय?"

मोहरी वाटताना मीठ आणि हिरवी मिरची घातली नाही की ती कडू होते, हे मला आईनंच शिकवलं. ती कशी विसरेल? की पाट्याला तिनं हातच लावला नाही? तुझ्या बायकोनं वाटली असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही.

तीन पत्रांत तुझं एकच, "आई मजेत आहे." तिचे हात चालतात ना? माझं नाव तरी आठवतं ना तिला?

इथे सिलिगुडीत थंडी बरी आहे, माझी काळजी नको. रविवारपर्यंत खरं काय ते लिही, नाहीतर सोमवारी मी गाडीत बसलेच समज.

तुझी शेफालीदीदी