अण्णांचा स्थिर हात

अण्णा, तुमचा कंपवाताचा आजार आता माझ्याकडे आला आहे. डॉक्टर म्हणाले, तो असा बापाकडून मुलीकडे सहसा येत नाही, क्वचित येतो. मी म्हटलं, वडिलांनी दुसरं फारसं काही दिलं नाही, हे तरी आठवणीने दिलं म्हणायचं. ते हसले नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही मला नीट आठवत नाही. तुमचा उजवा हात मात्र आठवतो, आणि तो आठवला की माझं डोकं अजूनही फिरतं. तुमच्या मेंदूत घातल्या होत्या तशाच बारीक तारा माझ्या मेंदूत घालायच्या की नाही, हे आता ठरायचं आहे. म्हणून एकदा तुमच्याशी कागदावरच मोकळेपणी बोलून घेते. तुम्ही होतात तेव्हा आपल्या घरात ती सोय नव्हती.

बसवनगुडीच्या घरात सकाळची कॉफी तुम्ही पुढच्या खोलीत, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसाल असे बसून घ्यायचा. हात थरथरायला लागला तसे तुम्ही स्वयंपाकघरात आलात, भिंतीकडे तोंड करून. पेला वाटीवर टणटण वाजायचा आणि आई मुद्दाम नळ सोडायची, म्हणजे तो आवाज तुम्हालाच ऐकू येऊ नये. पायांचं दुखणंही त्याच सुमारास सुरू झालं होतं. दारापाशी आलात की पाय फरशीला चिकटायचे, पुढे जाता यायचं नाही. पण पायांवर तुमच्याकडे उपाय होता. तुम्ही तिथेच उभे राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा. आलेल्यांना वाटायचं, काय हा गृहस्थ, एकादशीसुद्धा चुकवत नाही. मी बघत असायची, एकाच महिन्याचं पान तुम्ही किती वेळ वाचत उभे आहात ते. पाय अडले तर कॅलेंडर होतं, हाताला मात्र काही सबब सापडेना, म्हणून ऑपरेशन.

कारण हात म्हणजे तुमची अब्रू होती. आपण तीनशे वर्षं कन्नड मुलखात राहिलो, भाषा निम्मी विसरलो, पण पंगतीत तूप घरातल्या वडीलधाऱ्यानेच वाढायचं हे विसरलो नाही. तुम्हाला तर दुसऱ्यांच्या कार्यालासुद्धा तूप वाढायला बोलवायचे. भाताच्या मुदीवर बरोबर मध्ये धार, पानावर थेंब नाही. कॉलेजात तुम्ही आयुष्यभर काय शिकवलंत ते कोणाला आठवत नव्हतं, तुपाची धार सगळ्यांना आठवत होती. तुम्हालाही त्याचं काही वाटत नव्हतं, उलट बरंच वाटायचं.

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगितलं होतं. हाताची थरथर बरीच कमी होईल, चालण्याची आणि तोलाची खात्री नाही. छातीत कातडीखाली यंत्र बसेल, त्याचा जोर बाहेरून कमी-जास्त करता येईल. म्हणून दर वेळी येऊन चालण्याबद्दल खरं खरं सांगायचं, त्यावर आम्ही यंत्र जुळवू. तुम्ही मान डोलावलीत. आणि मग दर वेळी दवाखान्यात असे जायचा, जसे काही मुलगी बघायला निघाला आहात. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तर. डॉक्टर विचारायचे, "पडता का?" तुम्ही म्हणायचा, "छे, छे. स्वल्प हळू चालतो, वय झालं." आदल्याच दिवशी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी आडवे झालेले असायचा, बाहीखाली कोपर निळं पडलेलं असायचं. आई शेजारी बसून फरशी बघायची. परक्यांसमोर नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, हे तिला माहेराहून शिकवून पाठवलं होतं, आणि तुम्ही त्या शिकवणीचं पुरेपूर सोनं केलंत. एकदा मी बरोबर आले आणि बोलायला तोंड उघडलं, तर बाहेरच्या व्हरांड्यात तुम्ही मला म्हणालात, "चारचौघांत बापाला उघडं पाडतेस? हेच शिकवलं का तुला?" त्यानंतर मला कधी नेलंच नाहीत.

हात थांबला. अगदी थांबला. तुम्ही पुन्हा पुढच्या खोलीत बसायला लागलात, भरलेला पेला उगाचच हातात धरून. पुढे हात जरा हलल्यासारखा वाटला तरी तेवढीच तक्रार दवाखान्यात सांगितलीत, म्हणून यंत्राचा जोर हातासाठी वाढत गेला आणि पाय आणखी अडायला लागले. मी तुम्हाला गांधी बाजारातून चांगली शिसवी काठी आणून दिली होती. तुम्ही ती माझ्या डोळ्यांदेखत वॉचमनला देऊन टाकलीत. वर म्हणालात, बिचाऱ्याला कुत्री हाकलायला होईल. एवढा दानशूर माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग नातवाची मुंज. हॉलवाल्याने टेबलं मांडली होती, तुम्ही ती काढायला लावलीत, कारण टेबलावर वाढण्यात काय मजा. लोक केळीची पानं पुढे घेऊन खाली बसले आहेत, दोन रांगांमध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी जागा, आणि तुम्ही रेशमी सोवळ्यात तुपाचं भांडं घेऊन निघाला आहात. आई तुमच्या मागे. तिच्या हातात मिठाची वाटी आहे, पण मीठ ती वाढत नाही, तिचा दुसरा हात तुमच्या पाठीपासून वीतभर लांब आहे. लोक कौतुकाने बघतात. कोणीतरी म्हणतं, "अण्णांचा कै नोडी, हात बघा, दगडासारखा." रांग संपते. तुम्हाला वळायचं आहे. अंग वळतं, पाय वळत नाहीत, आणि तुम्ही सरळ मागे, आईवर कोसळता. तिचं खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तुम्हाला खरचटलंसुद्धा नाही. पडल्या जागेवरून तुम्ही पहिलं काय विचारलंत, ते तुम्हाला आठवणार नाही, मी सांगते. "तूप सांडलं का?"

यावरही मी एखादे वेळी पडदा टाकला असता. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "ही घसरली. ओशट फरशी, दुसरं काय." आणि आई, चाकांच्या खुर्चीत बसलेली आई, हो म्हणाली. हे मला तिनेच नंतर सांगितलं, तेही तुमची बाजू घेत. मग मी एकटी डॉक्टरांकडे गेले आणि सगळं ओकून आले. त्यांनी तुमची फाइल पुन्हा चाळली. म्हणाले, हे आधी कळलं असतं तर जोर कमी करून, वेगळ्या तऱ्हेने लावून बघितलं असतं. हात थोडा हलला असता, पाय थोडे सुटले असते, निदान प्रयत्न केला असता. त्यांनी तुम्हाला बोलावून तसं केलंही. तुम्ही स्वयंपाकघरापर्यंत न अडता चालत गेलात, तिथे हातातला पेला वाजला, आणि तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत. मग हट्ट करून यंत्र होतं तसं करून घेतलंत. तुम्ही गेलात तेव्हा तुमचे दोन्ही हात अगदी शांत होते. लोक म्हणाले, किती समाधानाने गेले. मला तेव्हा तुमची किळस आली होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

परवा माझी परीक्षा होती. रात्रीपासून गोळ्या बंद, सकाळी तशाच अवस्थेत चालून दाखवायचं, मग गोळी घेऊन पुन्हा चालायचं. गोळीने चाल जेवढी सुधारते, तेवढीच ऑपरेशनने सुधारायची आशा धरायची असते. आई आली होती. ती आता वॉकर घेऊन चालते, त्या मुंजीपासून तिचा तो पाय सरळ झालाच नाही. मी नको म्हणत होते, तरी आली. गोळीनंतर मी खोलीभर छान चालले. तरुण डॉक्टर खूश झाले. कन्नडात म्हणाले, आता शेवटचं, हे नीट सांगा, कारण यावर पुष्कळ ठरणार आहे. "गोळीचा असर असतानाही कधी पडता का?"

मी म्हटलं, "नाही. तसं काही नाही."

"सुळ्ळु," आई म्हणाली. डॉक्टरांनी मान वर केली. ती पुढेही कन्नडातच, मला नीट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "खोटं सांगतेय. न्हाणीत पडली, जिन्यात पडली. गोळी घेतलेली असते आणि पडते. लिहा तुम्ही." एवढ्या वर्षांत परक्या माणसासमोर घरच्या माणसाचं बोलणं तिने खोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाले, मग पुन्हा विचार करावा लागेल. हे तुम्हाला पाठवायची काही सोय नाही, असती तरी पाठवलं नसतं, कारण आता जे सांगते ते वाचून तुम्हाला फार बरं वाटेल. येताना रिक्षात आईने माझा हात धरायला हात पुढे केला आणि मी माझा काढून घेतला. घरी येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि आजही बोललेली नाही.