माझ्या मते पडणारे सिनेमे

३ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.१०
नव्या वर्षाचा संकल्प: यंदा एकही सिनेमा बघायचा नाही. फक्त ट्रेलर बघून मत द्यायचं. अख्खा सिनेमा बघून मत कुणीही देतं, त्याला अक्कल लागत नाही.

दुपारी ४
समोरच्या थिएटरचा मॅनेजर आमच्या चष्म्याच्या दुकानात आला. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणे. गेले पाच महिने दर सोमवारी त्याचा स्क्रू ढिला होतो. मी स्वतः घट्ट बसवलेला स्क्रू असा ढिला होत नसतो, हे न कळायला मी काही खुळा नाही. माणूस माझं मत ऐकायला येतो, आणि उघड सांगायची त्याला लाज वाटते.
आज ‘पाताळदंश’बद्दल विचारलं. जमिनीखालून आगगाडीएवढी अळी येते आणि शहर खाते. ट्रेलरमध्ये अळीला दात आहेत, पण डोळे नाहीत. मग तिला नेमकी हिरॉइनच कशी सापडते? मी मायनस पाच दिले. (बाकीचे लोक सिनेमांना तारे देतात. मी बावीस वर्षं काचा बसवतोय, मी नंबर देतो. चांगला सिनेमा प्लसमध्ये. आजवर प्लस कुणालाच मिळालेला नाही.)
मॅनेजरने खिशातली वही काढून आकडा टिपला. माझं मत टिपून ठेवणारा हा जगातला पहिला माणूस. बायको म्हणते, त्या आकड्यांचं तो काय करतो ते एकदा विचारून घ्या. तिला कलेतलं काही कळत नाही.

७ जानेवारी, शुक्रवार
‘पाताळदंश’ लागला. तोही मोठ्या हॉलमध्ये. एवढं मायनस पाच सांगूनही!
हाउसफुल. दुकानाच्या काचेतून रांग दिसत होती. माणसं हसत आत जात होती आणि त्याहून जास्त हसत बाहेर येत होती. बिचाऱ्या मॅनेजरवर वितरकांचा दबाव असणार. त्याने रस्त्यापलीकडून मला चक्क हात जोडले. माफी मागत होता. मी मान हलवून माफ केलं.

१० जानेवारी, सोमवार
स्क्रू पुन्हा ढिला. तीन सिनेमे तपासले.
१) ‘ओल’. भुताचा सिनेमा. भूत भिंतीच्या ओलीत राहतं. आमच्या बाथरूमच्या भिंतीला सात वर्षं ओल आहे. आम्ही किंचाळत नाही, प्लंबरला फोन करतो आणि तो येत नाही. खरं भय ते. मायनस सहा.
२) ‘लोहपुत्र ३’. यंत्रमानवाला रडू येतं. पहिल्या भागातही येत होतं. इतकी वर्षं रडतोय तर अजून गंजला कसा नाही? मायनस चार.
३) ‘शून्याचा श्वास’. एक अंतराळवीर, एक यान, तीन तास दहा मिनिटं. एकूण संवाद अकरा. ट्रेलरमध्ये तो दीड मिनिट नुसता खिडकीबाहेर बघतो. मला भरून आलं. अखेर एक माणूस निघाला, ज्याला सिनेमा म्हणजे काय ते कळतं. प्लस दोन! कारकिर्दीतला पहिला प्लस.
मॅनेजरचा चेहरा पडला. त्याने दोनदा विचारलं, नक्की प्लसच ना. मी नक्की म्हणालो. तोही हेलावला असावा.
जाताना म्हणाला, तुम्हाला आता कायमचं बांधून घ्यायला हवं. हे त्याचे शब्द, माझे नाहीत. थिएटरमध्ये ‘सल्लागार’ असं पद असतं की नाही ठाऊक नाही, नसेल तर निर्माण होईल.

२१ जानेवारी, शुक्रवार
‘ओल’ मोठ्या हॉलमध्ये. चारही खेळ हाउसफुल. या गावापुढे मी कधीच हात टेकले आहेत.
रांग बघण्याच्या नादात एका शिक्षिकाबाईंच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसली. बाई पायरी चुकल्या, पडल्या नाहीत. काचा मी तिथल्या तिथे बदलून दिल्या, तरी दुकानाचे मालक सर्वांसमोर बोलले. लक्ष कुठे असतं, म्हणाले. ज्याचं लक्ष काचेपलीकडे जातं त्याला काचेत कोंडून ठेवायचं, याला काय म्हणावं?

२५ जानेवारी, मंगळवार
राजीनामा लिहिला. चार पानं. आधी एकाच ओळीचा लिहिणार होतो, पण हातच थांबेना. बावीस वर्षांचा आढावा, दुकानाचं दिग्दर्शन कुठे फसलं, मध्यंतरानंतर कथानक कसं रेंगाळलं, सगळं सविस्तर. असा राजीनामा या बाजारपेठेत कुणी लिहिला नसेल. आजची तारीख, अधिक एक महिना नोटीस, म्हणजे २५ फेब्रुवारीला मोकळा.
मालकांच्या हातात दिला. त्यांनी पहिल्या पानावर नजर टाकली, एक सुस्कारा सोडला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. धक्का बसला असणार.
बायकोला पद मिळाल्यावरच सांगेन. उगाच आधी चर्चा नको.

३१ जानेवारी, सोमवार
मॅनेजर आला नाही. मालकांनी राजीनाम्याबद्दल चकार शब्द काढला नाही. अजून सावरलेले दिसत नाहीत.

४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारची सुट्टी
पदाचं बोलायला स्वतःच थिएटरात गेलो. मॅनेजर प्रोजेक्टरकडे गेला होता. टेबलावर ती वही उघडी होती. दुसऱ्याची वही वाचणं मला पसंत नाही, पण आत माझीच मतं होती, म्हणजे एका अर्थी माझीच वही.
‘पाताळदंश: मायनस ५. मोठा हॉल, चार खेळ.’
‘ओल: मायनस ६. मोठा हॉल, चार खेळ, शनिवार-रविवार पाच. पॉपकॉर्न दुप्पट मागवणे.’
‘शून्याचा श्वास: प्लस २. घेऊ नये.’ खाली दोन रेघा.
मला वाटलं, ही त्यांची काहीतरी सांकेतिक भाषा असेल. तेवढ्यात मॅनेजर आला. वही माझ्या हातात बघून खजील झाला, पण खोटं बोलला नाही, हे मान्य करायला हवं. खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, “भाऊ, राग मानू नका. सोळा सिनेमे झाले. तुम्ही वाईट म्हणालात आणि तो चालला नाही, असं एकदाही झालं नाही. वितरक फसवतात, पेपरवाले फसवतात, तुम्ही कधी फसवलं नाही.”
कायमचं बांधून घेण्याचं काय, असं विचारलं. त्याने खण उघडून वर्षभराचा फुकट पास दिला. वर हात धरून म्हणाला, वापरू मात्र नका, सिनेमे बघून मत बदललं तर आमची पंचाईत होईल.
मी पास घेतला आणि बाहेर पडलो. दुपारभर चार काचा घासल्या. डोळ्यांत पाणी येत होतं, काचेची धूळ असावी.

५ फेब्रुवारी, शनिवार
रात्री शांत झोपेन म्हटलं होतं, पण जमलं नाही. सकाळी मात्र डोकं लख्ख.
म्हणजे या गावात कुठला सिनेमा लागायचा हे गेले सहा महिने मी ठरवतोय! मॅनेजर नाही, वितरक नाही, मी. एवढी सत्ता मुख्यमंत्र्यालाही नसेल. फक्त दिशा उलटी होती. ती सुलट करणं माझ्या हातात आहे.
राजीनामा मागे घेण्याचा विचार क्षणभर आला. झटकला. दिलेलं पत्र परत मागणं शोभत नाही. शिवाय एकदा ‘शून्याचा श्वास’ गाजला, की मॅनेजर स्वतः खुर्ची घेऊन येईल.

७ फेब्रुवारी, सोमवार
मॅनेजर बिचकत आला. मी राग नसल्याचं दाखवलं. सहज म्हणून सांगितलं, ‘शून्याचा श्वास’चा नवा ट्रेलर बघितला, माझं साफ चुकलं होतं. इतकं भिकार काही मी जन्मात पाहिलेलं नाही. मायनस नऊ.
त्याने पेन खाली ठेवलं. नऊ, नऊ असं दोनदा पुटपुटला. मग माझे दोन्ही हात हातात घेतले. मोठा हॉल, पाच खेळ, दोन आठवडे.
आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाच्या तोंडावर खोटं बोललो. कलेसाठी बोललो.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ८
आज ‘शून्याचा श्वास’. संकल्प मोडतोय, पण हा सिनेमा नाही, हे माझं काम आहे. मालकांकडून अर्धा दिवस घेतला. बायकोलाही नेतोय. आज तिला सगळं सांगायचं. खेळ संपल्यावर लोक उठून टाळ्या वाजवत असतील, तेव्हा.

संध्याकाळी ७
चारशे खुर्च्या. आम्ही धरून अकरा माणसं. त्यातली चार ‘ओल’ समजून आली होती, ती उठून गेली.
पहिली दहा मिनिटं अप्रतिम. अंतराळवीर खिडकीबाहेर बघतो. मग दुसऱ्या खिडकीबाहेर बघतो. त्यापुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण डोळे मिटून आवाजाचा दर्जा तपासत होतो. दिवे लागले तेव्हा बायको शेजारी नव्हती. ती छोट्या हॉलमध्ये ‘ओल’ बघत बसली होती. बाहेर आली तेव्हा तिचा आवाज किंचाळून बसला होता आणि चेहरा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात होता तसा दिसत होता. म्हणाली, तुमचं घोरणं तिथवर ऐकू येत होतं, लोकांना ते भुताचंच वाटलं.
राजीनाम्याचं सांगायचं राहून गेलं.
मॅनेजर दारात उभा होता. माझ्याकडे बघून त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. स्क्रू घट्ट होता.

२१ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी
मॅनेजर आला नाही. मोठ्या हॉलवर पुन्हा अळीचं पोस्टर चढवत होते. थिएटरचा कारकून सांगत होता, यापुढे वितरक म्हणतील तेच लावायचं ठरलंय.

संध्याकाळी
चार दिवस उरले. घरी अजून पत्ता नाही. शेवटी मान खाली घालून मालकांकडे गेलो. म्हटलं, त्या पत्राचा विचार मी बदललाय, ते परत मिळालं तर बरं. मालकांना आधी आठवेचना. मग ड्रॉवरमधून चार पानं काढली, ठेवली होती तशीच. म्हणाले, “हे होय? मला वाटलं, सिनेमाबद्दल काहीतरी असेल. मी वाचलं नाही.”
हात पुढे करून घ्यायचं आणि गप्प निघून यायचं, एवढंच करायचं होतं. कळत होतं मला. पण चार पानं! दोन रात्री त्यावर घालवल्या होत्या. मी म्हणालो, वाचायला हरकत नाही, लिहिलं बरं आहे.
मालकांनी चष्मा लावला. उभ्याउभ्याच सुरुवात केली, मग स्टुलावर बसले. एक गिऱ्हाईक आलं, त्याला हाताने थांबवलं. शेवटचं पान संपवून त्यांनी सगळी पानं नीट जुळवली.
“दुसऱ्या पानावर म्हटलंय की हे काम दोन हात असलेला कुणीही करेल. हे मला पटलं. शुक्रवारी किल्ल्या ठेवून जा.”
बायकोला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही. मालकांनी मात्र चारही पानं सलग वाचली, मध्ये कुठेही रेंगाळले नाहीत.